बंद फोनवरचा अंगठा

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. ग्रुपवर कोणी असे किस्से टाकले की सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. आज मीच लिहितोय, हसायचं तर हसा...

मी वरणगावला फॅक्टरीत मशीनवर आहे. आई सोनगीरला, माझ्या धाकट्या बहिणीकडे. अर्धांगवायूनं आईची वाचा गेली, तेव्हा मी आमच्या दोघांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकलं. तिकडे तिनं स्क्रीनवर अंगठा फिरवला की इकडे माझा फोन तसाच थरथरायचा. दोनदा हळू घासायची, मग एकदा दाबायची – लहानपणी ताप आला की माझ्या तळहातावर करायची, अगदी तसंच. सुरुवातीला भरून यायचं. पुढे दिवसातून वीस वेळा व्हायला लागलं, तेव्हा वैताग यायचा. खोटं कशाला बोलू?

फॅक्टरीत फोन चालत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जायचं. त्या दिवशीही ठेवला होता. दुपारी तीनच्या सुमारास उजव्या तळहातात थरथर जाणवली... दोनदा हळू, मग एक दाब. हात रिकामा! मशीनमुळे असेल म्हणावं, तर मशीन बंद करून मी त्यावरचा जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, बदलत होतो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी चिडून जोरात हात झटकला. थांबलं.

पाचला लॉकर उघडला, तर बहिणीचे अकरा मिस्ड कॉल. आई गेली होती. अ‍ॅपमध्ये मात्र त्या दिवसाचं काहीच आलेलं नव्हतं.

सोनगीरला पोचल्यावर बहीण रडत सांगू लागली, "भाऊ, मायना फोन सकायपाइन बंद व्हता, लाइटच नव्हती. तरी ती त्या बंद काचवर अंगठा फिरवतच ऱ्हायनी. तीन वाजनात अन् एकदम तिना हात बाजूले फेकाई गया... कोणी झटकी दिधा तसा. मंग तिनी भितकडे तोंड करी लिधं. परत हात उचलाच नही."



भास म्हणावं, तर बहिणीनं डोळ्यांनी पाहिलं त्याचं काय करू? फोन तिकडे बंद, इकडे लॉकरमध्ये... कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. खरं तर कसं झालं याच्याशी मला घेणंही उरलेलं नाही. तो हात परत हवाय, बस.

बहिणीला मी माझ्याकडचं काही सांगितलेलं नाही. ती अजून अधूनमधून विचारते, "भाऊ, जाता जाता माय कोनवर रुसनी व्हई?"

मी फोन ठेवून देतो.