अर्धा तलवारीचा, अर्धा मंत्रांचा

त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकरने, येईल तेव्हा. रविवारी दुपारी माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं फासे घेऊन बसायचो. खेळ असा: एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं; त्या माणसाला आम्ही गडी म्हणायचो. काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आकडा मोठा पडला तर जमलं. गोष्ट सांगणारी मी. नियम, नकाशे, कुणाकडे किती बाण उरले, हे सांभाळायला मला आवडतं. घरात डाळीच्या डब्यांवर तारखाही मीच लिहिते.

खेळणारे दोघं. एक रेणापूरचे शाळामास्तर, त्यांना आम्ही सर म्हणायचो. त्यांचा गडी जादूगार, निव्वळ जादूगार. दुसरा नांदेडहून यायचा. मूळचा भोकरकडचा, सरकारी कचेरीत कारकून, बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला नोकरदार. त्याने गडी घेतला तो मिश्र: अर्धी विद्या तलवारीची, अर्धी मंत्रांची.

सुरुवातीला छान चाललं. पण या खेळात गडी अनुभवाने वाढतो, आणि तलवार व मंत्र सारखे वाढत नाहीत. तलवारवाला वाढला की जरा जोरात मारतो. जादूगार वाढला की डोंगर हलवतो. मिश्र गड्याची वाढ तर दोन्हीकडे वाटली जाते. सर आगीचा पाऊस पाडायला लागले, तेव्हा तो अजून दिवा लावायचा मंत्र म्हणत होता.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” सर म्हणायचे. “पाव्हणं, तुम्ही आपली माझी झोळी धरा.”

“धरतो की. तुमच्या जादूगाराला एक रट्टा बसला तर त्याला झोळीतच घालून न्यावं लागंल.”

तो हसायचा, पण त्याची पाळी यायच्या आत लढाई संपलेली असायची. काही रविवार तो नुसता बसून गेला. मग जाताना म्हणाला, “पुढच्या वेळी जमतंय का बघतो.” आता तो येणं सोडणार, हे मला कळलं.

मी त्याला थांबवून घेतलं आणि तोडगा काढायला बसले. सरांनी लगेच सुचवलं, “त्याच्या प्रत्येक फाशात दोन मिळवा. थोडी सवलत द्या, झालं.”

त्याचा चेहरा उतरला. “नको सर. नोकरी लागल्यापासून हाच शब्द ऐकून राहिलो. कुणी तोंडावर म्हणतं, कुणी पाठीमागं. इथं तरी नको.”

सर हातातला फासा पुसत राहिले. “तसं न्हवतं म्हणायचं मला.”

“हाव. माहीत हाय.”

त्याला काही द्यायचं नाही, तर मंत्रालाच किंमत लावायची, असं मी ठरवलं. आमची गोष्ट कोरड्या मुलखातून चालली होती. त्या उन्हाळ्यात मला दुसरा मुलूख सुचतच नव्हता. नियम केला: मंत्र म्हणायचा तर घसा ओला हवा. मंत्र जेवढा मोठा, तेवढं पखालीतलं पाणी जास्त. पाणी निर्माण करण्याचा मंत्र बंद. नियम सगळ्यांना सारखा. तलवारीला तहान लागत नाही.

“ताई, खेळात तरी पोटभर पिऊ द्या,” सर कुरकुरले.

“आता बरोबर आहे,” तो म्हणाला.

सर मंत्र जपून म्हणू लागले आणि त्याचा गडी पुढे चालू लागला. तो पुन्हा दर रविवारी यायला लागला. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. झाला की तिकडे बदली मागतो, येणं सोपं जाईल, असं म्हणायचा. तो जिल्हा अजून झालेला नाही.

एका रविवारी खेळात सरांची पखाल रिकामी झाली. मागे प्रेतांची फौज, पुढे अरुंद खिंड. “तुम्ही व्हा पुढं, मी खिंड धरतो,” तो म्हणाला. त्याच्याकडे उरलेला घोट त्याने सरांच्या गड्याला दिला. फासा उचलला, आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. आम्ही घागरी घेऊन पळालो. रांग संपली तेव्हा त्याच्या गाडीची वेळ झाली होती. “पुढच्या रविवारी टाकतो, ताई,” म्हणाला.

त्याच आठवड्यात, नांदेडला, कचेरीतून घरी येऊन चहा पिता पिता तो गेला. हृदय बंद पडलं.

आम्ही टेबलाशी पुन्हा बसलो ते पावसाळा उलटल्यावर.

“तो वाचला म्हणा,” सर म्हणाले. “गोष्ट तुमच्याच हातात हाय.”

तसं म्हणता आलं असतं. पण ती सवलत झाली असती. त्याचा गडी वाचायला किती आकडा लागेल ते मी आधी मोठ्याने सांगितलं, अवघड होता. सरांनी फासा टाकला. तो गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. आकडा पुरला.

आम्हा दोघांनाही आनंद झाला नाही. गडी मेला असता तर खिंडीत दोन दगड रचून त्याचा निरोप घेतला असता. आता तो नियमाने जिवंत होता. खिंडीतून बाहेर आला, आमच्या मागून चालू लागला, आणि त्याच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं.

अजून चालतोय. मुक्कामाला मी त्याच्या वाटणीचं पाणी काढते. त्याची पाळी आली की विचारते, काय करणार? त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे सर बघत नाहीत, मीही नाही. वर पंखा फिरत असतो. मग मी म्हणते, “तो पहारा देतो,” आणि पाळी पुढे जाते.

कधी कधी मात्र मी तोंड उघडायच्या आत सर हात वर करतात.

“थांबा, ताई. विचार करून राहिलाय त्यो.”