सात नंबर आणि नंबरबाई

नंबरबाईंना राग आला की त्यांचा आवाज गोड व्हायचा. दुष्काळाच्या त्या वर्षांत शेवगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघंच ऑपरेटर. सकाळी त्या, दुपारनंतर मी. लोक फोन उचलून आम्हाला नंबर सांगायचे आणि आम्ही बोर्डावर वायर खोचून तो जोडून द्यायचो.

भिंतीवर सगळ्या नंबरांची यादी असे. कुणाचा नंबर बदलला की बाई लगेच लाल शाईने दुरुस्ती करायच्या आणि पाथर्डी, तिसगाव, नगरला कार्डं टाकायच्या. म्हणायच्या, "शिळी यादी म्हंजी कुजका दोर. विहिरीत उतरल्यावरच कळतं."

गावात कापसाचा एक अडत्या होता, सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्याला ज्योतिषाने सांगितलं, सात आकडा लाभेल. सात नंबर बाळंतपणाच्या दवाखान्याचा. शेठने वरून वशिला लावला. बाई रजेवर असताना लाईनमनने वायरी फिरवल्या. दवाखान्याला एकवीस आला. भिंतीवरची यादी बाईच दुरुस्त करायच्या; ती तशीच राहिली.

त्याच आठवड्यात बाईंची धाकटी बहीण रूथ तिसगावला बाळंतपणात अडली. तिच्या नवऱ्याने पोस्टातून फोन लावला, "सात द्या." नगरहून आलेल्या बदली ऑपरेटरने यादी बघून सात दिला. शेठ म्हणाला, "हा दवाखाना नाही," आणि फोन ठेवला. नवऱ्याने पुन्हा लावला. "शेठ, पाया पडतो, दवाखान्याचा नवा नंबर तेवढा सांगा."

"मी काय टेलिफोन खात्याचा नोकर हाय?" शेठने रिसीव्हर काढूनच ठेवला. शोधाशोध करून दवाखान्याची जीप पोहोचली तेव्हा रूथ आणि बाळ, दोघंही गेली होती.

मातीहून परतल्यावर बाईंनी आधी यादी दुरुस्त केली. पण खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या तोंडी सातच बसलेला. कुणी घाबऱ्या आवाजात सात मागितला, की बाई विचारायच्या, "दवाखाना हवाय का?" आणि एकवीस जोडून द्यायच्या. मग शेठला घंटी. "शेठ, बोधेगावची बाळंतीण अडलीय. तुमच्या नंबरवर आली हुती, म्हनून कळवलं." आवाज मधासारखा.

हे महिनोन् महिने चाललं. शेठ ओरडायचा, बाई ऐकून घ्यायच्या. रिसीव्हर काढून ठेवला की नगरचे भाव त्याला कळेनात. त्याने तक्रार केली. साहेबांनी विचारलं, "बाई शिव्या देतात का?" तक्रार तिथंच मिटली.

शेवटी तो एक्स्चेंजमध्ये आला, टोपी हातात. "बाई, सात परत घ्या. दवाखान्याला द्या."

बाईंनी अर्ज लिहून घेतला, नंबर फिरले, यादीत लाल शाई पडली. शेठने सुटकेचा निःश्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजलीच. "शेठ, अमरापूरची बाळंतीण अडलीय."

"अहो, आता सात माझा न्हाई!"

"रूथ तरी कुठं तुमची हुती?"

मी एकदा म्हणालो, "बाई, आता पुरे करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची बहीण जिवंत हाय ना? मग तुमी पुरे म्हना." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली नाशिकला झाली. निरोपाला पेढे, हार, काही घेतलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी सकाळच्या पाळीला मी बसलो. ढोरजळगावहून एक बाप लेकीसाठी फोनवर रडत होता. मी दवाखाना जोडून दिला. मग दुसरी वायर उचलली आणि शेठला घंटी दिली. "शेठ, ढोरजळगावची बाळंतीण अडलीय."

तो या वेळी ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "वाचंल का पोरगी?"

"अजून कळलं नाही," मी म्हणालो, आणि वायर काढली.