आठ नंबरचा पाना आणि दिंडोरीचं बॉम्बर

आमचे बाबा घराबाहेर पडताना वस्तू मोजतात. छत्र्या, किल्ल्या, डब्यातले चमचे. जन्मभर विमानांचे मेकॅनिक होते, सवय काही गेली नाही. पण परवा त्यांच्या पिशवीत टॉर्च, दांडीचा आरसा आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक दिसलं, तेव्हा मी विचारलंच, "आपण संग्रहालय बघायला चाललोय की फोडायला?"

दिंडोरीजवळच्या एका छोट्या विमान संग्रहालयाने डागडुजीसाठी जुनं बॉम्बर आणलंय. पेपरातल्या फोटोत शेपटीवरचा नंबर दिसला आणि बाबांनी निघायचं ठरवूनच टाकलं.

नांदगावहून सातला निघालो. मनमाड, चांदवड, मग पिंपळगावला मिसळ. शंभर रुपये प्लेट, रस्सा हवा तेवढा. खड्डे मनमाडपर्यंतच, पुढे रस्ता छान. मिसळ खाताना बाबांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांपूर्वी याच विमानाच्या कामात आठ नंबरचा पाना हरवला होता. टूलबॉक्समध्ये प्रत्येक हत्याराची खाच ठरलेली. एक खाच रिकामी असली तर विमान उडत नाही. तीन दिवस शोधाशोध झाली. बाबा पंखावर काम करत होते, त्यांचा जोडीदार सोनवणे शेपटीकडे.

"मी सांगितलं, पाना सोनवणेकडेच होता. त्याने विमानाबाहेर कुठेतरी हरवला असं ठरलं. त्याची बढती अडकली. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

"मग आता?"

"शेपटीत सापडला की फोटो पाठवतो त्याला."

माणूस सत्तरीचा, पण खोड बघा.

दिंडोरीच्या अलीकडे द्राक्षबागेत फवारणी चालली होती. तिथल्या बाईंना रस्ता विचारला. "ते मोडकं इमान ना? लय मोठं हाय. सरळ जा, पंख दिसंल."

तिकीट पन्नास रुपये, सोमवारी बंद. बूट घालून जा, जमिनीवर पत्र्याचे तुकडे असतात. पंख उतरवून बाजूला ठेवलेले होते. व्यवस्थापक मुलीला बाबांनी ओळख सांगितली, तर तिने त्यांना थेट शिडीच दिली. शेपटीत तासभर घालवून काही मिळालं नाही. मग बाबा डाव्या पंखाच्या जोडाशी गेले. पंख उतरल्यामुळे एक आतली खाच उघडी पडली होती. चुंबक आत सोडलं आणि टक् असा आवाज आला.

पाना बाहेर आला. बाबा शिडीवरच बसून राहिले. मला भयंकर वाईट वाटलं.

"विमानात सापडलेलं इथेच राहतं," मुलगी हळूच म्हणाली. "चिठ्ठी लावू. कोणी हरवला, माहितीय?"

बाबांनी चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं. मग सोनवणेकाकांना फोन लावला. नंबर होता, लावलेला कधी नव्हता.

काका ओझरहून पाऊण तासात आले. पाना पाहिला, चिठ्ठी दोनदा वाचली. बाबांची मान वर होईना.

"पगारे," काका म्हणाले, "अक्षर अजून तसंच घाण आहे तुझं."

मग आमच्या थर्मासमधला चहा दोघांनी संपवला. मी मात्र बॉम्बर बघितलंच नाही म्हणा ना.

घरी आल्यावर बाबांनी वस्तू मोजल्या. थर्मासचं झाकण कमी.

"सोनवणेकाकांकडे राहिलं असेल," मी म्हटलं.

"नाही," बाबा म्हणाले, "माझ्याच हातून राहिलंय."