गवत कापणाऱ्या मार्थामावशी

गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसल्या की मार्थामावशी पदर कंबरेला खोचायच्या, इंजिन चालू करायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. वसतिगृहातल्या मुलींना वाटायचं, त्या प्रार्थना करतात. शाळेत शिकवायला नवी असताना मीही तसंच समजले होते. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "प्रार्थना सकाळीच झाली, बाई. आता पात्याचा पट्टा ऐकतीय. पट्टा रडायला लागला की पातं थकलं समजायचं."

आमची शाळा नगरपासून तासाभरावर, माळावर. मागे मुलींचं वसतिगृह, आणि वसतिगृह नि न्हाणीघरं यांच्या मधे मोठं मोकळं रान. मुली बहुतेक पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या. आईबाप निम्मं वर्ष कारखान्यावर, म्हणून मुली इथं. मावशी त्यांच्या रेक्टर. तो ट्रॅक्टर फार वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणा मंडळींनी शाळेला दिलेला. मावशींचे यजमान दानियलकाका तो चालवायचे. ते गेल्यावर दुसरा माणूस मिळेना, तेव्हा मावशीच त्यावर बसल्या.

मी विज्ञान शिकवते म्हणून मला त्यांनी हौसेनं ट्रॅक्टर शिकवला. वेगाच्या दांड्याशी एका टोकाला सशाचं चित्र होतं, दुसऱ्या टोकाला कासवाचं. मी घाबरून दांडा कासवाकडे ओढला. गाडी हळू झाली खरी, पण गवत कापलं न जाता नुसतं लोळायला लागलं. मावशींनी माझ्या हातावर हात ठेवून दांडा परत सशाकडे ढकलला. "इंजिन एकच हाय. त्याच्यावरच पातं, त्याच्यावरच चाक. हितं कमी केलं की पातंबी मंदावतं. हळू जायचं तर गिअर पहिला टाका. ससा पात्याला, कासव चाकाला." गणितात अडकलेल्या मुलीलाही त्या असंच काहीतरी सांगायच्या, "डोकं पळू दे, हात दमानं चालू दे."

त्यांचा आणखी एक नियम होता. ओलं गवत कापायचं नाही. ते पात्याला गुंडाळतं, पट्टा जातो, आणि या जुन्या गाडीचा पट्टा मिळायला महिना महिना लागतो.

त्या वर्षी पाऊस थांबेचना. भाद्रपद निम्मा झाला तरी उघडीप नाही. गवत लहान मुलींच्या कंबरेला लागलं. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "दोन दिवस ऊन पडू द्या सर, एका दमात काढते." ऊन पडलं नाही. एका संध्याकाळी सहावीतली काजल न्हाणीघराकडे निघाली. पायवाटेवर चिखल, म्हणून कडेच्या गवतातून गेली. घोणस होती. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेऊन शाळेच्या जीपमधून नगर गाठलं.

दोन दिवसांनी मावशी सकाळच्या एसटीनं परत आल्या. काजलची आई पोचली होती आणि दवाखान्यात उशाशी एकालाच थांबू देत होते. "किडनी बंद पडलीय म्हनत्यात," एवढंच त्या बोलल्या. चहा पुढे केला, तो घेतला नाही. सरळ शेडकडे गेल्या. बारीक पाऊस पडत होता.

मी पुढे काठीनं गवत झोडत चालले, मागून मावशी. पातं सगळ्यात वरच्या खाचेत, दांडा सशाकडे, गिअर पहिला, आणि एका वेळी निम्म्याच रुंदीचं गवत. तरीही जरा पुढं गेलं की पात्याखाली लगदा साचायचा. इंजिन बंद करायचं, उतरायचं, काठीनं लगदा ओढायचा, पुन्हा बसायचं. हेडमास्तर व्हरांड्यातून म्हणाले, "मावशी, जरा वेगात घ्या. अशानं अंधार पडेल."

"वेगात घेतलं तर गवत कापणार न्हाई सर, आडवं पडंल. आडव्या गवताखाली पोरींना काय दिसनार?"

दुपारनंतर हेडमास्तर छत्री न घेता रानातून आमच्याकडे येताना दिसले. हातात फोन होता. ते ट्रॅक्टरसमोर येऊन उभे राहिले, आणि त्यांनी नुसती मान हलवली. मावशींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. हेडमास्तर बाजूला होताच त्यांनी गिअर एकदम तिसऱ्यात टाकला आणि उभ्या गवतात गाडी घातली. पट्टा किंचाळला. जळक्या रबराचा वास आला, आणि फाटकन आवाज होऊन पातं थांबलं.

मावशी तशाच बसून राहिल्या. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ओलं कापायचं न्हाई म्हनत बसले मी. आज कापलंच की ओलं. कापाया येत हुतं, बाई. तवाबी कापाया येत हुतं."

दानियलकाकांचा विळा शेडमध्ये होता. मावशी उतरल्या, तो घेऊन आल्या आणि खाली बसून कापायला लागल्या. मग गावातून आम्ही आणखी विळे आणवले. हेडमास्तर, स्वयंपाकीणबाई, मी, सगळे बसलो. दिवस मावळेपर्यंत रान मोकळं झालं. साप एकही निघाला नाही.

तोवर पालक मुलींना घरी न्यायला यायला लागले होते. मावशी फाटकाशी उभ्या राहून प्रत्येकाला रान दाखवत होत्या. "बघा, आता काय न्हाई तिथं. परीक्षेपुरती तरी ठेवा." एक बाप शांतपणे म्हणाला, "मावशी, शिकल्या न्हाई तरी चालंल. जिती राहू द्या." त्यावर मावशी फाटकातून बाजूला झाल्या. आठवड्यात वसतिगृह रिकामं झालं, आणि संस्थेनं ते बंदच केलं. आठवीतल्या एका मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हा मावशींनी दिवसभर दार उघडलं नाही.

मावशी गावात पिठाच्या गिरणीमागे एक खोली घेऊन राहिल्या. चर्चमध्ये यायच्या, पण गाण्याला तोंड उघडायच्या नाहीत. मी डबा घेऊन जायची. "ठेवा तिथं," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी तो बऱ्याचदा तसाच असायचा.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमाराला मी तिथं बसले असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. काजलची आई. बरोबर काजलहून लहान मुलगी आणि एक गाठोडं. बाहेर रस्त्यावर टोळीचा ट्रक उभा होता.

"ही कोमल. हिला तुमच्याकडं ठिवते."

मावशी भिंतीला धरून उठल्या. "माझ्याकडं नको, ताई. दुसरीकडं कुठंबी ठेव. एक पोर घालवली मी."

"फडात नेऊ का मग?" ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "उसात काय साप कमी हायेत? तिथं तर दिवसभर पोरं बांधावर सोडून आमी कापीत असतो. तिला काय झालं तर कळायचंबी न्हाई. तुमी निदान पळवत नेलं."

"मला भ्या वाटतं गं," मावशी म्हणाल्या.

"मलाबी वाटतं. पन कुठं ठिवू?"

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. त्या बाईनं गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागे न बघता चालायला लागली. पोरगी रडली नाही. आईच्या दिशेनं बघत चपलेतला पाय नुसता जमिनीवर घासत राहिली. मावशी बराच वेळ तिच्या त्या पायाकडे पाहत होत्या. मग हळूच खाली बसल्या, तिच्या चपला काढल्या आणि घोट्यांवरची धूळ पदरानं पुसायला लागल्या. पुसता पुसता मला म्हणाल्या, "बाई, तेवढा दिवा लावा. आन् तिला आत घ्या."