ओलं फडकं

मागूर माशाच्या बीजकेंद्रात सुलोचनाबाईंनी मादीच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं. डोळे झाकले की मासा तडफडत नाही. पोटावरून अंगठा फिरवताच अंडी वाडग्यात उतरली आणि मादी पुन्हा टाकीत गेली. नराचं बीज मात्र असं दाबून निघत नाही, त्याचं पोट कापावंच लागतं. वर्गात मी कित्येक वर्षं शिकवतोय, मादी अनेकदा वापरता येते, नर एकदाच. हजारो पिलांचा बाप एकही पिलू न बघता जातो, हे काही परीक्षेत येत नाही.

सुरी उचलण्याआधी बाईंनी नराचेही डोळे झाकले.

“हा तर मरणारच आहे. त्याचे कशाला झाकता?” मी विचारलं.

“त्याला मी दिसू नये म्हणून,” बाई म्हणाल्या.

मग त्याचं बीज अंड्यांवर पिळून बाई कोंबडीच्या पिसाने हलकेच ढवळत राहिल्या.