लायनीत पाणी आयलां!

आमच्या डिचोलीच्या वसाहतीत दुधाआधी किस्सेच उतू जातात! घरोघरी पाइपने गॅस आल्यापासून तर विचारूच नका.

गेल्या श्रावणात जमिनीखालच्या गॅसपाइपात कुठूनशी ओल शिरली. आमचं घर उताराच्या तळाशी, त्यामुळे साचलेलं पाणी नेमकं आमच्या दारात! शेगडी गुडगुडायची, ज्योत पिवळी होऊन नाचायची आणि विझायची.

गॅस कंपनीचा फिटर रमाकांत पेडण्याचा. मीटरला कान लावून अंगणातूनच ओरडला, "वयनी, लायनीत पाणी आयलां!"

झालं! सगळी वसाहत नळावर. शेजारच्या शांताक्का दोन बालद्या घेऊन पुढे. नळ ठणठणीत कोरडा!

"मेल्या, पाणी खंय आसा?"

"गॅसाच्या लायनीत, अक्का!"

"मगे नळात कितें येतलां? गॅस?"

रमाकांतने समजावलं, गॅस कोरडा हवा. दुसऱ्या दिवशी बघतो तर अक्कांनी पाइपला तांदळाची पुरचुंडी बांधलेली! मिठाच्या बरणीत घालतात ना, ओल शोषायला, तशी. रमाकांत ती सोडत म्हणाला, "अक्का, तांदूळ शेगडीर रांदतात, पायपाक बांदिनात!"

मला मात्र हसू येईना. सूनबाईचे दिवस भरत आलेले. तिच्या सुखरूप सुटकेसाठी मी सोळा सोमवार धरले होते आणि उद्यापन तोंडावर आलं होतं. नैवेद्याचा गोड चूर्मा आपल्याच शेगडीवर, तिन्हीसांजेआधी व्हायला हवा.

आमचे हे म्हणाले, "सोळा सोमवार महादेवावर पाणी ओतलंस. त्याने साठवलं आणि तुझ्याच लायनीत सोडलं!"

"देवाची थट्टा नको हं!" म्हटलं खरं, पण जीव टांगणीला.

उद्यापनाचा सोमवार उजाडला, ज्योत पिवळीच. रमाकांत सकाळपासून फाटकापाशी पाइपातलं पाणी उपसत होता. चहाला हाक मारली, तर मानेनेच नको म्हणाला. उन्हं कलली. मी कणीक घेऊन शेगडीपाशी नामस्मरण करत बसले.

"वयनी, पेटय!"

महादेवाचं नाव घेतलं नि लायटर दाबला. ज्योत निळीशार, स्थिर!

चूर्मा झाला, नैवेद्य झाला. प्रसादाचा पहिला घास रमाकांतच्या हातावर ठेवला. त्याने कपाळाला लावला आणि गपकन गिळला.

"चहाही घेतला नाहीस रे! तुझाही सोमवारचा उपास?"

"माझो खंयचो उपास, वयनी! कंपनीच्या सायबान ताकीद दिल्या, तुमची ज्योत निळी होयसर तोंडात पाणी सुद्धा घालूचा नाय!"