वेशीत उतरायचं नाही

ये गं, जवळ सरक. तू तिकडं शहरात आणि मी इकडं जळोचीला माझ्या ओट्यावर, तरी सरक म्हणते. समोर माणूस बसलंय असं मानल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. आणि आधी रागावून घेते. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, देणगी गोळा करायला लांब सायकलवर निघालेय, रोज सराव करते, आणि मला कशाचीच भीती वाटत नाही." कौतुक आहे बाई तुझं. पण ते शेवटचं वाक्य परत घे. चाकावर बसून रस्त्याला लागणाऱ्या माणसानं असं बोलू नये. मी जन्मभर भीत आलेली बाई. शाळा फार झाली नाही, पण या एका विषयातलं मला थोडंफार कळतं.

आज संध्याकाळी वारा फिरला आणि मळीचा वास आला. म्हणजे कारखाना सुरू झाला. तुला आठवत असेल तो वास, करपलेल्या गुळासारखा, आंबूस, एकदा कपड्यांत शिरला की हंगाम सरेपर्यंत न निघणारा. इथल्या लोकांना तो सुगीचा वास वाटतो, लग्नकार्यांचा वाटतो. माझ्या मात्र तळहातांना घाम सुटतो. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, हातात सायकल नव्हती की काही नव्हतं, आणि माझी बोटं आपोआप वळली, ब्रेक दाबावा तशी. इतकी वर्षं झाली मी स्वतः सायकलवर निघाले होते त्याला. मोबाईल नव्हते तेव्हा, आणि बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता इतका अरुंद होता की समोरून एसटी आली की सायकलवाल्यानं खाली उतरून उसाला पाठ लावायची.

माझ्या थोरल्या जावेची मुलगी लहानपणी तापानं फणफणली आणि उठली ती पायांतलं बळ घालवून. पोलिओ. जाऊ तिला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायची, पाठुंगळी घेऊन आणायची. पोरगी लहान होती तोवर ठीक होतं. मग ती वाढली, हुशार निघाली, वरच्या शाळेत जायची वेळ आली. शाळा लांब, आणि आईची कंबर गेलेली. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी सांगितलं की हातानं फिरवायची तीनचाकी सायकल मिळते. आणि हेही सांगितलं की शहरात लोक चांगल्या कामासाठी लांबलांब सायकल चालवतात आणि त्यावर देणग्या जमवतात. दुसरं कोणी असतं तर ऐकून सोडून दिलं असतं. माझी जाऊ रविवारी विहारात वंदना झाल्यावर उठली आणि म्हणाली, आपल्या पोरीसारखी या भागात आणखी पोरं आहेत, सगळ्यांसाठी आणू, आम्ही दोघी जावा सायकलवर पळसदेवपर्यंत जाऊन येतो. दोघी. मला विचारलंही नव्हतं.

मी घरी आल्यावर म्हटलं, "आक्का, मला भ्या वाटतंय." ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "वाटू दे की. तुला जेवताना बी भ्या वाटतंय, म्हनून जेवायची ऱ्हातीस का?"

सायकल चालवता येत होती दोघींना, कशीबशी, नवऱ्यांच्या सायकलींवर शिकलेली. भीती सायकलची नव्हतीच. भीती होती उसाच्या ट्रॉल्यांची. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, कांड्या दोन्ही बाजूंना भाल्यासारख्या बाहेर आलेल्या, आणि ड्रायव्हरच्या कानाशी टेप इतक्या मोठ्यानं लावलेला की मागं कोणी मेलं तरी त्याला ऐकू जायचं नाही. पहिली ट्रॉली तुमच्या शेजारून नीट जाते आणि मागची शेपटासारखी झोला खाते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी फाट्यावर एका दूधवाल्याची सायकल पाहिली होती, ट्रॉलीच्या चाकाखाली गेलेली. किटल्या आडव्या, आणि सांडलेलं दूध पाचटात हळूहळू मुरत चाललेलं. माणसाचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून ते दूध अजून माझ्या डोळ्यांसमोर वाहतंच आहे.

देणगीला हिंडलो तेव्हा लोकांना आमचं म्हणणं चटकन उमगेना. एक आबा म्हणाले, "सायकल तुमी चालवनार, आन् पैसं आमी देनार? ह्ये कुठलं कलम?" जाऊ म्हणाली, "आबा, मंग तुमी चालवा, आमी देतो." ते हसले आणि ज्वारीचा वायदा केला. पण खरी मेख मारली ती इंदापूर रस्त्यावरच्या एका गावातल्या म्हातारीनं. चांगली बागायतदाराची आई, नाकात नथ, दातात मिश्री. ती म्हणाली, देणगी देईन, गावातल्या बायकांना पण द्यायला लावीन, पण तुम्ही आमच्या वेशीतून सायकलवर बसून गेलात तर. उतरून, ढकलत आलात तर मिळणार नाही. ढकलत तर काय, आम्ही पण जातो. ही अट दुसऱ्या गावाला कळली, त्यांनीही तीच घातली, आणि बघता बघता रस्त्यावरच्या प्रत्येक गावाची तीच अट होऊन बसली. वेशीत उतरायचं नाही.

परत येताना मला आजी आठवली. ती सांगायची, तिच्या काळी आमच्या माणसानं गावाच्या वेशीतून कशावर बसून जायचं नसे. घोडं तर सोडच, बैलगाडीतून देखील खाली उतरायचं, पायातलं काढून हातात घ्यायचं. आणि आता वेशीच्या आत राहणारी एक म्हातारी मलाच बजावत होती, बसूनच ये. तिला ते आठवत होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आनंदानं नव्हे गं. मला ट्रॉल्याच दिसत होत्या.

आणि मग सराव. आता हसू येतं, पण आम्ही सराव केला तो मोरगावच्या रस्त्यावर. मीच हट्ट धरला. तिकडं जिराईत. ऊस नाही, म्हणून ट्रॉली नाही. बाजरीची रानं, शेरडं, एखादी एसटी, आणि वारा. पहाटे भाकरी बांधून निघायचं, नऊवारीचा काचा घट्ट खोचायचा, चढाला दम लागला की बाभळीखाली बसायचं. आधी फाट्यापर्यंत, मग त्याच्या पुढच्या ओढ्यापर्यंत, करत करत एक दिवस थेट मोरगावला पोचलो. देवळात जाणाऱ्यांतल्या आम्ही नव्हे, पण देवळासमोरच्या हॉटेलातला चहा काय गोड लागला. पायांत बळ आलं. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मला वाटलं, झाली तयारी. पण जिथं भ्यायला काही नव्हतंच तिथं मी तयार झाले होते. पाय तयार झाले, भीती होती तशी घरी बसून राहिली, माझी वाट बघत. तू कुठं सराव करतेस? बागेत, सकाळी, गाड्या नसताना? बघ बाई.

निघायच्या दिवशी विहारापुढं सगळे जमले. पोरगी ओट्यावर बसली होती, पाय पुढं सोडून. तिनं आईला काही म्हटलं नाही, मला म्हणाली, "काकी, उतरू नगंस हां." एवढंच.

त्या म्हातारीच्या गावाची वेस दिसली तेव्हा ऊन चढलं होतं. दगडी कमान, बाजूला बायका पदर सावरून उभ्या. जाऊ पुढं होती, ती घंटी वाजवत, हसत आत गेली. आणि माझ्यासमोर कमानीच्या पलीकडून ट्रॅक्टर आला. आधी टेप ऐकू आला, मग धूळ, मग ऊस. मला काही ठरवावं लागलं नाही. माझे पाय आपणहून जमीन शोधायला लागले आणि सापडली तेव्हाच थांबले. मी खाली, हँडल धरून, उसाच्या पाल्याला चिकटलेली. ट्रॉल्या निघून गेल्या. माझे पाय खाली आले ते ट्रॉलीच्या भीतीनं, की आजीच्या पायांची ती जुनी सवय माझ्या पायांत उतरली होती, हे मला आजही सांगता यायचं नाही.

म्हातारी पुढं आली. मला वाटलं, संपलं. आमची पोरगी आता जन्मभर आईच्या पाठीवरच राहणार. म्हातारी म्हणाली, "उतरलीस न्हवं?"

"उतरले, आत्या."

"मंग त्या वळनापातुर मागं जा, आन् बसून ये. आमी हितंच हाय. आमाला दुसरं काय काम हाय?"

मी मागं गेले, बसून आले. पुन्हा ट्रॉली. पुन्हा उतरले. बायका हसायला लागल्या, पण वाईट नव्हतं ते हसणं. कोणी म्हणालं, "अगं, ट्रॅक्टरवाला माजा दीर हाय, त्याला सांगते दमानं घ्यायला." जाऊ कमानीखाली उभी राहून ओरडली, "धाकटे, भाकरी सांच्यालाच खायची का?" तिसऱ्यांदा आले तेव्हाही ट्रॉली होतीच, त्या रस्त्याला हंगामात कधी नसते? या वेळी मी उतरले नाही. धीर आला म्हणून नाही. भीती जागची हलली नव्हती. फक्त तिला हँडलवरून उठवून मागच्या कॅरेजवर बसवलं. ती माझ्या कमरेला घट्ट धरून होती, मी तिचं वजन ओढत होते, कांड्या माझ्या दंडाला घासत गेल्या, आणि मी कमानीतून बसून पार झाले. म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दंडावरचा तो ओरखडा बरेच दिवस होता.

पुढच्या वेशी अशाच गेल्या, भीत भीत, बसून. पळसदेवला पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. धरणाचं पाणी उतरायला लागलं होतं, जुन्या देवळाचं शिखर तेवढं वर आलेलं, त्यावर बगळे. एक मासे विकणारी बाई जाळं झटकत होती. जावेनं विचारलं, तुमची वेस कुठं, आम्हाला बसून जायचंय. ती म्हणाली, "आमची येस त्या पान्याखाली हाय बाई. जुनं गाव बुडालं तवाच गेली. तुमी कशा बी या." त्या गावानं अट न घालता दिलं. ज्यांची वेसच गेली ते काय कुणाला अडवणार, असं मला त्या वेळी वाटलं, आणि पाण्याकडं बघवेना.

तर तीनचाकी आली. बऱ्याच पोरांना मिळाली. आमच्या पोरीनं हातानं दांडा फिरवत अंगणात चकरा मारल्या आणि सगळी वस्ती गोळा झाली. आणि मग उजाडला शाळेचा दिवस. गोष्ट इथं संपायला हवी होती, पण माझी भीती इथंच सुरू झाली म्हण. कारण ती रस्त्याला लागली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, जे इतके महिने सराव करताना, देणग्या गोळा करताना, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला उतरता येत होतं. ट्रॉली आली की मी उतरायचे, उसाला पाठ लावायचे. हिला उतरता येत नाही. सायकल रुंद, बसायला खाली, ड्रायव्हरला दिसणारही नाही. ट्रॉली येणार आणि ही रस्त्यावरच असणार. जन्मभर हिला प्रत्येक वेशीतून बसूनच जायचंय. हिला ती अट कोणी घातली नव्हती.

माझी जाऊ, ती वाघीण, फाट्यावर डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. तिचं पाऊल उचलेना. मी माझी सायकल काढली आणि पोरीच्या मागं निघाले. थोडं अंतर गेल्यावर पोरगी थांबली. मान वळवून म्हणाली, "काकी, मागं नगं, फुडं चल. तू मागं असलीस की मला ट्रॉलीचं न्हाय, तुजंच भ्या वाटतंय."

मी पुढं झाले. आणि गंमत बघ, पुढं चालणाऱ्याला मागं बघता येत नाही. बघायला गेलं की सायकल कलंडते. मला फक्त ऐकू यायचं. तिच्या दांड्याची कुरकुर, एका लयीत. समोरून ट्रॉली यायची, टेपचा आवाज सगळं गिळून टाकायचा, ऊस जायचा, धूळ जायची, आणि मी श्वास धरून वाट बघायचे. मग पुन्हा ती कुरकुर. मी पुन्हा श्वास घ्यायचे. शाळा येईपर्यंत किती वेळा मेले आणि जगले कोण जाणे. ते पहिले दिवस. नंतर तिनं मला घरी बसवलं.

आता ती बारामतीत नोकरी करते, स्वतःची गाडी चालवते, मागं दोन जास्तीची चाकं लावलेली. रस्ता रुंद झाला, ती कमान रुंदीकरणात गेली. आता त्या गावात कुठून शिरलं हे सुद्धा कळत नाही. म्हातारी गेली. जाऊ गेली. उरलाय तो मळीचा वास, आणि संध्याकाळी माझं हे कान देऊन बसणं. पोरगी घरी यायच्या वेळेला एक ट्रॉली रस्त्यानं गेली की मी शेंगा फोडायची थांबते. आवाज ओसरला की पुन्हा फोडते.

म्हणून तुला म्हणते, भीती वाटू दे. कॅरेजवर बसवून घे तिला, जागा असते. आणि फेरीला निघायच्या आधी एकदा इकडं ये. हंगाम चालू आहे, रस्त्याला ट्रॉल्या असतील, जपून ये. सायकलवर आलीस तर मी फाट्यावर उभी राहीन. वाटेत धीर सुटला तर उतर गं, लाजू नकोस. तुला उतरता येतं. उतर, पुन्हा बस, पण लवकर ये.